लघुकथेंतील दुखावलेलीं मुलें

लघुकथेवरील प्रश्नाचें उत्तर लिहितांना आमचे बहुतेक विद्यार्थी प्रथम कथानक सांगतात आणि मग ‘मुलांनीं खोटें बोलूं नये’ अशासारखा एखादा बोध खालीं चिकटवितात. परंतु बोध म्हणजे आशय नव्हे. कथेंतील साऱ्या घटना मिळून ज्या सत्याकडे बोट दाखवितात तें सत्य म्हणजे आशय. आणि तें बहुधा पात्राच्या स्वभावांत पडत जाणाऱ्या फरकांतून उमगतें.

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘छुटी’ ही बंगाली कथा घ्या. नदीकाठच्या पोरांचा म्होरक्या फटिक प्रथमदर्शनीं केवळ व्रात्य वाटतो. धाकटा भाऊ माखन ओंडक्यावर ठाण मांडून बसला, तर हीं पोरें त्याच्यासकट ओंडका लोटून देतात! घरीं माखन मारल्याची खोटी तक्रार करतो, तेव्हां मात्र फटिक त्यास खरोखरच चपराक देतो. ती त्या खोट्याबद्दल असते, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें. पुढें मामा त्यास शिक्षणासाठीं कलकत्त्यास न्यावयास निघतात. त्या वेळीं तो आपला मासे धरण्याचा गळ, पतंग, सारें माखनला कायमचें देऊन टाकतो. आनंदाच्या भरांत दिलेली देणगी ती. परंतु कोत्या मनाच्या मुलास आनंदांतही असें देणें सुचत नाहीं.

कलकत्त्यांत मामीस तो नकोसा होतो, मामेभाऊ त्याचें नातें सांगावयास लाजतात, शाळेंत तो सर्वांत मठ्ठ ठरतो. घरीं कधीं जावयाचें, असें विचारल्यास मामा म्हणतात, सुटी लागूं दे. अशांत त्यास ताप येतो, आणि आपल्या आजारानें मामीस उगाच उपद्रव होईल असें त्यास वाटतें. ज्यानें गांवांत दिवसभर उपद्रव केला, त्यास आतां स्वतःचा तापही दुसऱ्याचा उपद्रव वाटावा! फटिक मोठा झाला तो असा. भर पावसांत तो घर सोडून जातो. पोलीस त्यास भिजलेल्या, चिखलानें माखलेल्या स्थितींत परत आणतात. अखेरीस आई येऊन पोंचते, तेव्हां आपली सुटी लागली असें तो तिला सांगतो. शाळेच्या सुटीचा शब्द येथें मरणाचा शब्द झाला. कथेचा सारा आशय त्या नांवांतच आहे.

पात्र बदललेंच पाहिजे असा नियम नाहीं. चेकॉव्हच्या ‘वांका’ (१८८६) ह्या कथेंत मॉस्कोंतील मोच्याकडे उमेदवारी करणारा नऊ वर्षांचा मुलगा आजोबांस पत्र लिहितो, गांवाचें नांव न घालतां तें पेटींत टाकतो व आशेनें झोंपी जातो. बदल होतो तो वाचकांत.

विला कॅथर हिच्या ‘पॉल्स केस’ (१९०५) मधील पॉल मात्र उताराला लागलेला आहे. पिट्सबर्गचा हा विद्यार्थी पुढें पेढीचे पैसे चोरून न्यूयॉर्कास पळतो व शेवटीं आगगाडीखालीं प्राण देतो. प्रत्येक खोट्यागणिक त्याची परतण्याची वाट बुजत जाते. लेखिका स्वतः त्या शहरांत शिक्षिका होती. आरंभींचा प्रसंग तिनें उगीच शाळेंत घातलेला नाहीं. कोटाला तांबडें फूल खोवून पॉल शिक्षकांपुढें जाब द्यावयास उभा राहतो, व ते त्याच्यावर तुटून पडतात. परंतु घरीं जातांना, एका पोरावर आपण एवढे कठोर झालों ह्याची त्यांस लाज वाटते. पॉलला हें कधींच कळत नाहीं. तो शीळ घालीत टेकडी उतरत असतो, आणि कोणी शिक्षक आपणांस पाहत आहे कीं काय म्हणून मधूनमधून मागें वळून पाहत असतो.