खो कोणी दिला?

गल्लीतल्या मुलांचे दोन पक्ष पाडायचे म्हणजे पूर्वी एक समारंभच असे. दोन थोराड मुले म्होरके होत. बाकीची मुले जोडीजोडीने जरा लांब जात, कानात कुजबुजत आणि परत येऊन विचारीत, "कुणाला हवा चंद्र, कुणाला हवा सूर्य?" चंद्र मागणाऱ्याला चंद्र मिळे, उरलेला सूर्य दुसऱ्याचा. या पद्धतीत मोठे शहाणपण होते. जोडी सारख्या ताकदीची असे आणि आपण नेमके कोणाला मागतो आहोत हे मागणाऱ्याला ठाऊक नसे. 'तू मला नकोच होतास' असे म्हणण्याची सोयच नव्हती. शेवटी उरलेला चिमुरडा लिंबूटिंबू म्हणून दोन्हीकडून खेळे. घरी परत कोणीच जात नसे.

थोरांच्या खेळात मात्र गड्यांची वाटणी अशी झाकून होत नाही. कॅनडाचेच उदाहरण घ्या. तिकडे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत धावण्याचा खेळ. त्याचे नऊ धंदेवाईक संघ आहेत. प्रत्येक संघात ठराविक संख्येने कॅनडाचेच खेळाडू असावे लागतात, म्हणून दर वर्षी हे संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांतून पाळीपाळीने गडी मागतात. यालाच 'ड्राफ्ट' म्हणतात. सामान्यतः आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी आणि विजेत्याची शेवटी. त्यापूर्वी मुलांची कसून तपासणी होते. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत धावतो? २२५ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १०२ किलोंचा भार उताणा पडून किती वेळा उचलतो? जागच्या जागी किती उंच उडतो? पारखी मंडळी ड्राफ्टच्या आधीच पहिल्या वीस जणांची यादी प्रसिद्ध करतात. मुलीसाठी स्थळ पाहणारा बापसुद्धा इतकी चौकशी करीत नसेल!

आता वाचक म्हणतील, दिवाळीचा फराळ समोर असताना या बाईंनी कॅनडा कशाला काढला? तर तोच प्रकार आपल्या पुण्यात, आपल्या मातीतल्या खो-खोच्या बाबतीत घडला, म्हणून.

२०२२ च्या जुलैमध्ये 'अल्टिमेट खो-खो' या नव्या स्पर्धेसाठी पुण्यात खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू असे सहा संघ. कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळाडूंचा लिलाव होतो, बोली चढत जाते. इथे तसे नव्हते. खेळाडूंचे आधीच चार वर्ग पाडलेले. प्रत्येक वर्गाचे मानधन ठरलेले. संघांनी आपापल्या पाळीला नाव पुकारायचे, एवढेच. ज्या खेळात वर्षानुवर्षे ढाल, प्रमाणपत्र आणि फार तर रेल्वेत नोकरी, एवढीच प्राप्ती होती, त्या खेळातल्या पोरांना हंगामाचे पैसे मिळू लागले ही गोष्ट लहान नव्हे. डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाला नियमांची शिस्त लावली, त्याला त्याच पुण्यात बाजारभावही मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

स्पर्धेचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. मी राहते हिंजवडीला. आमच्याकडून वाकडच्या बाजूने महामार्गावर आले, की संकुल हाकेच्या अंतरावर. संध्याकाळच्या वाहनांच्या गर्दीतून ते अंतर कापायला मात्र बराच वेळ लागतो, हे हिंजवडीकरांना सांगायला नको. संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी शेजारची तरुण मंडळीही सामन्यांना येत. यांतल्या पुष्कळांनी शाळा सुटल्यापासून खो-खो पाहिला नव्हता.

खेळ ओळखीचाच, पण अंगरखा नवा होता. आपल्या नेहमीच्या खो-खोत आठ गडी पाटीवर आळीपाळीने उलटसुलट तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. इथे मैदानावर सातच गडी. त्यांतला एक 'वजीर'. एकदा धरलेली दिशा सोडायची नाही हे बंधन त्याला नाही, तो वाटेल तिकडे वळू शकतो. साध्या स्पर्शाने गडी टिपला तर दोन गुण, सूर मारून टिपला तर तीन. पळती करणाऱ्यांची तुकडी बराच वेळ टिकली तर तिलाही जादा गुण.

या एका गुणाच्या फरकाने अंतिम सामना फिरला. तेलुगू योद्धाज ४५, ओडिशा जगरनॉट्स ४३. शेवटची काही सेकंदे उरलेली. ओडिशाच्या सूरज लांडेने झेप घेतली, सूर मारून गडी टिपला आणि तीन गुणांनी सामना ४६-४५ असा ओडिशाचा झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सूरजचे नाव झळकले. ते झळकायलाच हवे होते. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. असा सूर जमतो, तेव्हा त्याच्या आधी खो कोणी दिलेला असतो?

हा प्रश्न मला सुचला यात माझी हुशारी नाही. तो मला आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांनी शिकवला. मी मराठी शिकवते. परंतु जिमखाना समितीवर प्राध्यापकांची नावे आळीपाळीने लागतात, तसे एका वर्षी माझेही लागले. मुलींच्या खो-खो संघाची निवड होती आणि सरांनी माझ्या हातात तक्ता दिला. त्यात रकाने तीन: किती गडी टिपले, किती मिनिटे पळती केली, किती सूर मारले. खेळ सुरू होण्यापूर्वी सरांनी माझ्याच पेनाने चौथा रकाना ओढला. वर लिहिले, 'खो'.

"मॅडम, गडी बाद झाला की टिपणारीच्या नावापुढे एक रेघ मारायची," ते म्हणाले, "आणि तिला खो देणारीच्या नावापुढेही एक."

"पण खो तर सगळ्याच देतात ना?"

"देतात सगळ्याच. वेळेवर देणाऱ्या थोड्या."

तासाभरात मला त्यांचे म्हणणे कळले. पाठलाग करणारी मुलगी वेगाच्या भरात असते. समोरची पळणारी हाताच्या वीतभर पुढे दिसते. आणखी दोन पावले टाकली की सापडेल असा मोह होतो आणि तेवढ्यात ती हुलकावणी देऊन पाटीच्या पलीकडे जाते. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही. अशा वेळी आपला मोह गिळून, पलीकडे तोंड करून बसलेल्या नेमक्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारायची, 'खो' म्हणायचे आणि तिच्या जागी मुकाट्याने बसायचे! टाळी पडते ती दुसरीला.

त्या दिवशी हिंजवडी गावठाणातल्या एका मुलीच्या नावापुढे टिपलेले गडी दोनच होते. चौथ्या रकान्यात मात्र रेघा अकरा. तिची आई दोन-तीन सदनिकांत एकत्र राहणाऱ्या नोकरदार मुलांना जेवणाचे डबे पोचवते. मुलगी पहाटे आईबरोबर पोळ्या लाटून मैदानावर येई. निवड समितीतले दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "दोन गडी टिपणारी कशाला घेता?" सरांनी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. मुलगी संघात आली आणि त्या वर्षी आमचा संघ कधी नव्हे तो अंतिम फेरीपर्यंत गेला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पुढे ती वरच्या एका निवड चाचणीला गेली. तिथे चौथा रकाना नव्हता. तिचे नाव यादीत आले नाही. "पोरगी खेळात वर्षं घालवते, त्यापेक्षा कसलातरी कोर्स करू दे का?" असे तिच्या आईने मला विचारले, तेव्हा मला पटकन उत्तर देता आले नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीही वरच्या पातळीवरचे प्रमाणपत्र लागते. आणि प्रमाणपत्र त्या यादीतून येते. मुलगी सध्या पोलिसभरतीची तयारी करते आहे आणि संध्याकाळी धाकट्या मुलींना खो द्यायला शिकवते.

ती मुलगा असती तर ड्राफ्टपर्यंत गेली असती का, हेही मला सांगता येणार नाही. पण मुलगी म्हणून तिच्यापुढे तो दरवाजाच नव्हता. २०२२ चा आणि २०२३-२४ चा, या स्पर्धेचे हे दोन्ही हंगाम पुरुषांचे झाले. सारिका काळे ही धाराशिवची मुलगी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असे हरवले, महिलांनीही नेपाळलाच ७८-४० असे हरवले. दोन्ही कर्णधार पुण्याचे: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. प्रतीक २०२२ च्या हंगामात तेलुगू संघाचा कर्णधार होता. प्रियांकाचे नाव पुकारणारा ड्राफ्ट मात्र त्या वर्षी कोणी भरवला नव्हता. दोघांच्या हातात चषक सारखाच, पण तिथवरची वाट सारखी नव्हती.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे शब्दांपाशी अडखळण्याची मला खोड आहे. आपल्याकडे 'निवडणे' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडे तेवढे बाहेर टाकतो आणि दाणे सगळे ठेवतो. खेळाडू निवडतो तेव्हा उलटे होते. मूठभर दाणे उचलतो आणि उरलेले दाणे खड्यांसारखे सुपात राहतात. जागा थोड्या आणि गडी पुष्कळ, तेव्हा हे व्हायचेच. त्याला कोणाचा इलाज नाही. पण राहिलेले ते खडे नव्हेत, दाणेच होते, एवढे तरी निवडणाऱ्याने विसरू नये.

हे केवळ मैदानापुरते नाही. आमच्या हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फाटकांतून रोज सकाळी हजारो तरुण आत जातात. तेही सगळे कुठल्यातरी तक्त्यातून उतरून आलेले. गुण किती, मुलाखतीत किती चटकन बोलला, कोडे किती मिनिटांत सोडवले. शेजारच्या टेबलावर अडलेल्याची गाठ मुकाट्याने सोडवून देणाऱ्याला तिथेही रकाना असतोच असे नाही. घरातही तेच. दिवाळीत गुणपत्रिका आणि पगाराचे आकडे पाहुण्यांपुढे ठेवले जातात, पण त्या आकड्यांपाठीमागे पाठीवर वेळेवर थाप मारणारी ताई, काकू किंवा आजी चहाचे कप उचलीत असते.

मोजू नये असे मी म्हणत नाही. उत्तरपत्रिका तपासण्यात माझा जन्म चालला आहे. मोजमाप नसेल तर वशिला बोकाळतो, हे मला पक्के ठाऊक आहे. कॅनडातले पारखी घड्याळ लावतात तेही योग्यच, आणि आपल्याकडे वर्ग पाडून मानधन ठरवले तेही वाईट नाही. निदान पोरांना आपली किंमत आधी कळते. सांगायचे इतकेच, की मोजायला बसण्यापूर्वी आपल्या तक्त्यात रकाने किती आहेत ते एकदा पाहावे आणि एखादा कमी वाटला तर सरांसारखा हाताने ओढून घ्यावा. त्याला शासनाचा हुकूम लागत नाही, की नवे यंत्र लागत नाही. एक पट्टी आणि एक पेन पुरते.