कॅमेरा गटाराकडे वळवा!

सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून पायी मुंबई पाहणारे पुष्कळ आहेत. गेट वे, फोर्टातील दगडी इमारती, मरीन ड्राइव्ह. फोटो सुरेख येतात. पण हे शहर पहाटे झाडणारा, त्याच्या गटारात उतरणारा माणूस त्यात दिसतो काय?

सुधारक ओलवे यांनी तो दाखवला. महापालिकेच्या सफाई कामगारांमागे ते कचऱ्याच्या गाड्यांपर्यंत, गटारांपर्यंत, त्यांच्या घरांपर्यंत गेले. हे कामगार बहुतेक दलितच. हा योगायोग नव्हे, ही जातिव्यवस्था आहे. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. कामगाराला काय मिळाले?

कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने गटारमृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख, २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. पण कोर्टात 'तो स्वतःच उतरला' म्हणून हात झटकले जातात, तेव्हा पुरावा कुठून आणायचा?

खांदेश्वर, कळंबोली, पनवेलच्या तरुणांनो, मोबाइल खिशात आहेच. आपल्या वसाहती पायी फिरा. उघडे झाकण, दोर, हातमोज्यांविना हात टिपा. तारीख व ठिकाण नोंदवा, मूळ फाइल पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडायचे असते. चेहरा टिपण्यापूर्वी कामगाराला विचारा, त्याची रोजी जाऊ शकते.

आणि माणूस उतरताना दिसला, तर आधी त्याला थांबवा. फोटो नंतर!