पाहुण्या यंत्राची परतीची वाट

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. परंतु ही कल्पना नवी नाहीं. आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं व्हीएम/३७० ही व्यवस्था जाहीर केली. तिच्या योगें एकाच यंत्रावर अनेकांना जणूं स्वतंत्र संगणक मिळूं लागला. आज तीच सोय घरच्या लहान संगणकावरहि होते. मूळ यंत्रास यजमान, व त्याच्या आंत चालणाऱ्या आभासी यंत्रास पाहुणा म्हणतात.

पाहुण्यास पत्ता हवा. आयपी पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधील चार आंकड्यांची माळ. ही पद्धति १९८१ सालीं ठरली व अद्याप रूढ आहे. घरगुती व्यवस्थेंत बहुधा पहिले तीन आंकडे पेठ सांगतात व चौथा घर सांगतो. १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते खासगी उपयोगासाठीं राखलेले आहेत. घराबाहेर त्यांना किंमत नाहीं.

पाहुण्यास जागा देण्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिलींत यजमान पाहुण्याचीं पाकिटें स्वतःच्या नांवानें धाडतो. पाहुण्यास बाहेरचें जग दिसतें, पण जगास तो दिसत नाहीं. दुसरींत त्याला यजमानाच्याच पेठेंत पत्ता मिळतो. सोय मोठी, परंतु घरांतील प्रत्येक यंत्रास तो उघडा. तिसरींत यजमान व पाहुणा यांचीच निराळी पेठ असते. व्हर्च्युअलबॉक्समध्यें ती सामान्यतः १९२.१६८.५६ ही होय.

घोटाळा होतो तो या तिसऱ्या रीतींत. समजा, पाहुण्याचा पत्ता १९२.१६८.५६.१० आहे. यजमानास दोन पत्ते आहेत: पाहुण्याकडील बाजूस १९२.१६८.५६.१ व घराकडील बाजूस १९२.१६८.१.१०. पाहुण्यास घरांतील १९२.१६८.१.२० या प्रिंटरशीं बोलावयाचें आहे. परक्या पेठेचें पाकीट यजमानाकडे द्यावें, हें पाहुण्यास सांगावें लागतें. आणि दुसऱ्याचें पाकीट पुढें पोंचविण्याची मुभा यजमानास द्यावी लागते. लिनक्समध्यें त्यासाठीं आयपी फॉरवर्डिंगच्या नोंदींत ० च्या जागीं १ लिहितात.

इतकें करूनहि उत्तर येत नाहीं, आणि शिकणारा हताश होऊन पाहुण्याचीच मांडणी पुनः पुनः मोडतो. वस्तुतः पाकीट प्रिंटरपर्यंत पोंचलेलें असतें. हरवतें तें उत्तर. पाहुण्याची पेठ प्रिंटरच्या ओळखीची नसते, म्हणून तो उत्तर घरच्या राउटरकडे देतो. राउटरलाहि ती ठाऊक नसते. तो तें संवयीनें बाहेरच्या वाटेस लावतो, आणि तें तेथेंच नाहींसें होतें.

यास उपाय दोन. १९२.१६८.५६ या पेठेचीं पाकिटें १९२.१६८.१.१० कडे द्यावीं, अशी एक ओळ राउटरमध्यें लिहावी. किंवा यजमानानें पाकिटावर स्वतःचें नांव घालावें. दुसरा उपाय सोपा, पण त्यानें पाहुण्याची स्वतंत्र ओळख बाहेर राहत नाहीं.

सारांश, जाण्याची वाट म्हणजे अर्धीच वाट. संभाषणास परतीचीहि वाट लागते. मात्र ती उघडली कीं संशयास्पद पाहुण्यासहि घर मोकळें होतें. म्हणून वाट उघडण्यापूर्वीं पाहुणा कोण, हें पाहणें शहाणपणाचें होय.