घरच्या भट्टीतील सुरी

घरी सुरी घडविण्याचा छंद असलेले पुष्कळ गृहस्थ आकारावरच सारे श्रम वेचतात. सुरीचा प्राण मात्र उष्णतेत आहे. जुनी, अस्सल पोलादी कानस घ्यावी. ती लाल तापवून राखेत सावकाश निववावी, म्हणजे घासण्याजोगी मऊ होते. पाते घडल्यावर पुन्हा तापवावे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला लोहचुंबक त्यास ओढीनासा होतो. त्याहून किंचित अधिक तापताच ते कोमट तेलात बुडवावे. तेल पेट घेते, मुलांना दूर ठेवावे! आपण यास ‘पाणी पाजणे’ म्हणतो खरे, परंतु पाण्यात पातळ पाते बहुधा तडकते. आता ते काचेप्रमाणे कठीण, पण ठिसूळ असते. उतावळे येथेच थांबतात, आणि मोडलेला तुकडा डोळ्यात जाण्याचे भय ओढवून घेतात. पाते उजळून सुमारे २०० अंशांवर दोन तास ठेवावे. फिकट पिवळी छटा आली की मूठ बसवावी.