एकाच गिऱ्हाइकाचा व्यापारी

असोद्याचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते बहिणाबाई चौधरींमुळे. १८८० साली त्या इथल्या महाजनांच्या घरी जन्मल्या. खवय्यांना मात्र हे गाव भरिताच्या वांग्यांसाठी ठाऊक असतं. जळगाव शहराला जवळजवळ चिकटलेल्या या गावाच्या शिवारात आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिचं कौतुक कुणी करत नाही: पिकाच्या ओळींच्या बुडाशी पसरलेल्या काळ्या नळ्या. विहिरीवरची मोट गेली, इंजिन आलं, मग वीजपंप आला, तरी पाणी पाटानेच वाहत राहिलं. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन बारं द्यायला जायचं, हा नियम. पाणी नळीत गेलं ते गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. खानदेशात या बदलाचं मोठं श्रेय एका माजी रॉकेल विक्रेत्याकडे जातं.

भवरलाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा. मुंबईत वाणिज्य आणि कायद्याचं शिक्षण झालं. सरकारी अधिकारी होण्याची संधी हातात होती. ती सोडून ते जळगावला परतले आणि १९६३ मध्ये घरातले साठवलेले सात हजार रुपये घालून एस्सो कंपनीचं रॉकेल विकू लागले. त्या काळी शिकलेल्या मुलाने असं काही करणं म्हणजे घरच्यांची झोप उडवणं होतं. पण खेडोपाडी रॉकेल पोचवताना त्यांना गिऱ्हाईक कळलं. ज्याच्या घरात रॉकेल जातं त्यालाच डिझेल लागतं, खत लागतं, बियाणं लागतं, पुढे ट्रॅक्टर आणि पाइप लागतात. एकेक एजन्सी घेत गेले. माल बदलत गेला, उंबरा तोच राहिला. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली मला इथेच दिसते.

१९७८ मध्ये त्यांनी बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना तीस लाखांना घेतला. भुकटी काही चालली नाही. मग त्याच कारखान्यात कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढायचं ठरलं. झाडावरच्या हिरव्या फळाला चिरा द्यायच्या, ओघळणारा पांढरा चीक गोळा करायचा, तो शुद्ध करून सुकवायचा. हे पाचक द्रव्य मद्य नितळ करायला, मांस मऊ करायला आणि औषधांत लागतं, म्हणून माल परदेशी गेला. शेतकऱ्याला विकणारा माणूस पहिल्यांदाच त्याच्याकडून विकत घेऊ लागला.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले आणि त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. ठिबक काही त्यांचा शोध नव्हे. इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास या अभियंत्याच्या कल्पनेवर नेताफिम कंपनी १९६५ पासून उभी होती. खरा पेच होता तो वाळवंटासाठी घडलेलं तंत्र दोन-चार एकरवाल्याच्या गळी उतरवण्याचा. खानदेशात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि केळीला वर्षभर पाणी, म्हणजे गरज होतीच. पण थेंबथेंब पाण्यावर केळीसारखं तहानलेलं पीक येईल यावर विश्वास कोण ठेवणार? जैनांनी नळी नुसती विकली नाही. शेताची आखणी करून दिली, शिकवायला माणसं ठेवली, शिरसोली रस्त्यावरच्या ओसाड टेकडीवर बाग फुलवून दाखवली. तीच आजची जैन हिल्स. लोकांनी बसमधून येऊन ती पाहिली. खानदेशी माणूस पत्रक वाचून पैसे काढत नाही, घड बघून काढतो.

मग केळीची रोपं आली. पूर्वी कंद लावायचा, बसराई जातीचा घड हाती यायला दीड वर्षाच्या आसपास जायचं. ऊतीसंवर्धित ग्रँड नैन जात अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते आणि सगळी बाग जवळपास एकदम निसवते. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग हे केळीवाल्यांचे शब्द टिकले. त्यांच्यामागचं वेळापत्रक मात्र पार बदललं. पांढऱ्या कांद्यासाठी शेतकऱ्यांशी केलेला करारही त्याच उंबऱ्याशी जोडलेला: भाव पडला तरी किमान दर ठरलेला. कांदा सुकवून निर्यात व्हायचा.

मधल्या काळात, नव्वदच्या दशकात, भांडवल हाताशी येताच त्यांची कंपनी वित्त, माहिती तंत्रज्ञान आणि ग्रॅनाइटमध्ये उतरली. ओळखीचा उंबरा सुटला आणि पैसा बुडाला. जैनांनी भागधारकांपुढे चूक उघड मान्य केली, नको ते धंदे विकले आणि पुन्हा शेतीवर आले. आपल्याकडचे उद्योगपती तोट्याचं खापर सरकारवर किंवा बाजारावर फोडण्यात पटाईत असतात, म्हणून हे मला मोठं वाटतं. नंतर अमेरिकन गुंतवणूक आली, आणि २००७ मध्ये इस्राएलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेण्यापर्यंत मजल गेली. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१२ मध्ये जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थ या संग्रहालयाचं उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी केलं, त्याही जळगावच्याच.

कामगार त्यांना मोठेभाऊ म्हणत. त्या हाकेत कंपनीचं बळ होतं आणि मर्यादाही: कारभार घरातच राहिला. इटलीत फियाट ही मोटार कंपनी डबघाईला आली तेव्हा तिच्यावर ताबा असलेल्या आग्नेली कुटुंबाने २००४ मध्ये सेर्जो मार्किओने यांच्या हाती सूत्रं दिली. तेही वाणिज्य आणि कायदा शिकलेले. घराण्यातले नव्हते, म्हणूनच निर्दयपणे कापाकापी करू शकले. जळगावात सूत्रं अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चार मुलांकडे राहिली. मोठेभाऊ २५ फेब्रुवारी २०१६ रोजी गेले.

कर्जाचा डोंगर मात्र आधीपासून वाढत होता. ठिबकवर सरकारी अनुदान असतं आणि ते वेळेवर येत नाही. शेतकऱ्याला उधार दिलेला माल वर्ष-वर्ष पुस्तकात पडून राहतो. २०१९ मध्ये कंपनीला हप्ते फेडता येईनात. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय सिंगापूरच्या टेमासेकच्या रिव्ह्युलिस कंपनीत विलीन होऊन जैनांकडे त्यात बावीस टक्के वाटा उरला. मोठेभाऊंनी मोठ्या हौसेने गोळा केलेल्या परदेशी सिंचन कंपन्या अशा हातच्या गेल्या. बांभोरीचा प्लास्टिक पार्क, रोपांच्या प्रयोगशाळा, कांदा आणि आंब्याचे कारखाने जैनांकडेच आहेत. देशातला ठिबकचा धंदाही.