बोक्याला मारू नका, दूध उंच टांगा

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एखाद्या गल्लीतून सकाळी चालत गेलं, तर फाटकाला, पायरीच्या कोपऱ्यात, स्कूटरच्या चाकापाशी निळ्या नाहीतर लाल पाण्याच्या बाटल्या दिसतात. कुत्र्यामांजरांनी तिथे घाण करू नये म्हणून त्या ठेवलेल्या असतात. जपानमध्येही हा समज आहे. तिथे घराच्या भिंतीशी पाण्याच्या बाटल्यांची रांगच मांडतात, तीही खास मांजरांसाठी. मांजर मात्र त्या बाटलीला अंग घासून पुढे जातं. लाल रंग तर त्याला आपल्यासारखा दिसतही नाही.

जुन्या घरांतला उपाय याहून कितीतरी चांगला होता. छताच्या कडीला शिंकं टांगलेलं असे आणि त्यात दुधाचं, दह्याचं, लोण्याचं भांडं. पुढे जाळीचं कपाट आलं. बोक्याला शिस्त लावण्याच्या भानगडीत घरातली बाई पडली नाही, तिने सरळ दूध हलवलं. प्राण्यांच्या वर्तनाचे जाणकार आज मांजर पाळणाऱ्यांना जे सांगतात, त्यातलं निम्मं या शिंक्यात सामावलेलं आहे: नको असलेली गोष्ट मांजराला करताच येणार नाही अशी घराची मांडणी करा, आणि जी गोष्ट केल्याशिवाय त्याला राहवत नाही तिच्यासाठी दुसरी जागा द्या.

या शहराला मांजर नवं नाही. जुन्या शहरातल्या मोहल्ल्यांत, वाड्यांच्या गच्च्यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. मुस्लिम घरांत तर त्यांच्याविषयी खास माया असते. मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे, असं सांगणारी हदीस प्रसिद्ध आहे. पण ते मांजर दिवसातून चार घरं फिरत असे. नखं झाडाला घासायचं, विधी मोकळ्या मातीत उरकायचं आणि शिकार गोदामात करायचं. आता लांब केसांचं पर्शियन पिल्लू पैसे मोजून घरी येतं आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जन्म काढतं. झाड, माती आणि उंदीर या तिन्हींची गरज त्याच्या अंगात तशीच आहे. मग झाड म्हणजे सोफा होतो, माती म्हणजे तुळशीची कुंडी आणि उंदीर म्हणजे पांघरुणाखाली हलणारा पाय.

अशा वेळी हात आधी चपलेकडे जातो. कोणी पाण्याचा फवारा मारतं, कोणी मांजराचं नाक त्याच्याच लघवीत घासतं. यातलं काही का चालत नाही, याचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक हा तरुण संशोधक भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यात ठेवायचा. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर खाऊ मिळे. सुरुवातीला मांजर नुसतं धडपडायचं. हळूहळू निरुपयोगी धडपड गळून पडायची आणि शेवटी आत ठेवताक्षणी ते नेमका खटका दाबायचं. 1898 साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीनंतर लगेच काही चांगलं घडतं ती कृती टिकते, हे पुढे मानसशास्त्राचं पायाभूत सूत्र झालं, आणि ते मांजरांनी शिकवलेलं आहे.

यातला ‘लगेच’ हा शब्द फार महत्त्वाचा. दुपारी गादीवर लघवी केलेल्या मांजराला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मारलं, तर त्याला गादी आठवत नाही. दार उघडून माणूस आत आला की मार बसतो, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. रंगेहाथ पकडून मारलं तरी ओट्यावर चढणं थांबत नाही, फक्त माणूस समोर असताना थांबतं. त्यात भीतीने आजारल्यासारखं झालेलं मांजर जास्त कोपरे ओले करतं, जास्त बोचकारतं. आपल्या घरातल्या जिवाला आपलीच धास्ती वाटावी, हे फार वाईट आहे.

सोफ्याचंच घ्या. मांजर नखांना धार लावतं असं आपण म्हणतो, पण त्यात आणखी बरंच काही चाललेलं असतं. नखावरचं जुनं टरफल निघून खालचं टोकदार नख मोकळं होतं, पाठीचा कणा ताणला जातो आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. ‘इथे मी राहतो’ अशी ती पाटी असते. म्हणून हे बंद करता येत नाही, हलवता मात्र येतं. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल इतका उंच आणि अजिबात न डुगडुगणारा खांब हवा. बाजारात महागडे मिळतात, पण त्यांची गरज नाही. घायपाताचा दोर किंवा मोंढ्यात सहज मिळणारं गोणपाट लाकडी खांबाला घट्ट गुंडाळलं की झालं. काही मांजरांना आडवं खरवडायला आवडतं, त्यांना काथ्याचं पायपुसणं पुरतं. चूक होते ती जागेत. हा खांब लोक गॅलरीच्या कोपऱ्यात लपवतात, तर मांजराला तो दिवाणखान्यातच हवा असतो, सोफ्याला अगदी लागून, कारण पाटी लोकांना दिसेल तिथेच लावतात. तोवर सोफ्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावावी. पंजाला चिकट लागलेलं मांजराला मुळीच खपत नाही. खांब खरवडला की त्याच क्षणी खाऊचा तुकडा द्यावा. हिमरूची शाल मात्र कपाटातच बरी. परदेशात नखं कायमची काढण्याची शस्त्रक्रिया होत आली आहे. तिच्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापतात. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये तिच्यावर बंदी घातली.

लघवीची तक्रार याहून गंभीर, कारण तिच्यामागे दुखणं असू शकतं. विधीसाठी ठेवलेली मातीची पेटी वापरणारं मांजर अचानक बाहेर लघवी करू लागलं, तर आधी पशुवैद्याकडे न्यावं. बोका पुन्हापुन्हा पेटीत बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ‘मुद्दाम करतोय’ असं म्हणत घालवलेली ती रात्र त्याच्या जिवावर बेतते.

दुखणं नसेल तर पेटीकडे पाहावं. 1947 पर्यंत अमेरिकी घरांतही मांजरासाठी राख किंवा वाळूच असे. त्या वर्षी एडवर्ड लो याने मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती विकायला सुरुवात केली आणि मांजर घरात मुक्कामाला आलं. आज मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती बेंटोनाइटची असते. घरात जितकी मांजरं त्याहून एक पेटी जास्त हवी, ती मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी आणि रोज साफ व्हायला हवी. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात रोज पेटी धुवायची कशी, हा प्रश्न खरा आहे. पण रोज धुवायची गरज नसते. ओले गोळे चाळणीच्या पळीने काढून टाकायचे आणि पाणी आलं त्या दिवशी पेटी धुवायची.

फरशी पुसताना मात्र फिनाइल नको. फिनॉलसारखे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. पंजांना लागलेलं ते चाटून पोटात घेतं आणि त्याला विषबाधा होते. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवणंही तितकंच घातक. डाग कपडे धुण्याच्या एन्झाइम असलेल्या पावडरीने धुवावा, कारण वास पूर्ण गेला नाही तर मांजर पुन्हा तिथेच येतं.

पहाटे चारला दाराशी ओरडणाऱ्या मांजराचं गणित वेगळं. संधिप्रकाश ही त्याची शिकारीची वेळ. उठून वाटीत दाणे टाकले की ओरडणं फळाला येतं. चार दिवस दुर्लक्ष करून पाचव्या दिवशी कंटाळून दाणे टाकले, तर ते आणखी चिवटपणे ओरडायला शिकतं. त्यापेक्षा रात्री झोपण्याआधी दोरीला बांधलेलं पीस दहा मिनिटं पळवावं आणि लगेच जेवण द्यावं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्याचा मूळ क्रम आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार पाव हिश्शाने घटली. भरपूर मांस असलेल्या आहाराने ती 36 टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घंटेचा मात्र परिणाम दिसला नाही. घंटा कोणी बांधायची यावर आपल्याकडच्या गोष्टीतले उंदीर उगाच भांडत बसले.

हाताला चावणारं पिल्लू बहुधा आईपासून फार लवकर तोडलेलं असतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये सुमारे सहा हजार मांजरांची माहिती तपासली, तेव्हा आठ आठवड्यांच्या आत तोडलेली मांजरं जास्त आक्रमक आढळली. चावू कुठे आणि किती, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. आपल्याकडे महिन्याभराचं, डोळे नुकते स्थिरावलेलं पिल्लू हौसेने विकलं आणि घेतलं जातं, हे थांबायला हवं. घरात आलेल्या पिल्लाशी बोटांनी खेळू नये. चावलं की खेळ तिथेच थांबवून उठून जावं.

सगळे उपाय थकले की काही घरं शेवटचा मार्ग धरतात: मांजर पोत्यात घालून शहराबाहेर सोडून येणं. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राणी विनाकारण सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. दुसऱ्या टोकाला पुण्याच्या हडपसरमध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये उघडकीला आलेला प्रकार. एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं होती. वास आणि आवाजाने त्रासलेल्या शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि ती हलवण्याची नोटीस निघाली. टाकून देणं काय किंवा साठत जाणं काय, दोन्हींची सुरुवात बहुतेकदा न केलेल्या नसबंदीपासून होते. नसबंदी केलेल्या दहापैकी साधारण नऊ बोक्यांचं भिंतीवर लघवी फवारणं थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. भाटी पाच-सहा महिन्यांची, कधी त्याआधीही माजावर येते आणि गाभण राहिली की नऊ आठवड्यांत चार-पाच पिल्लं होतात. म्हणून पशुवैद्याशी बोलून शस्त्रक्रियेची तारीख पिल्लू चार महिन्यांचं असतानाच ठरवावी.