लेण्याद्रीची मुंगीवस्ती

जुन्नरच्या लेण्यांमधले शिलालेख १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. ते पाठवणारा कर्नल विल्यम साइक्स दोनच वर्षांपूर्वी वेगळ्याच विषयावर लिहून बसला होता: दख्खनच्या मुंग्या!

पुण्यात परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे छोटे ढीग दिसले. पावसाने भिजलेलं बी मुंग्यांनी बिळातून वर आणून चक्क वाळत घातलं होतं. मुंगी दाणे साठवते, यावर तेव्हा युरोपातल्या अनेक कीटकतज्ज्ञांचा विश्वास नव्हता, कारण त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या तसं करत नाहीत. साइक्सची ती मुंगी आज फायडोली प्रजातीत मोडते. तिच्या वारुळात काही कामकरी मुंग्यांची डोकी अवाढव्य असतात. त्यात जबड्याचे स्नायू ठासून भरलेले, कठीण बी फोडायला.

भारतात मुंग्यांच्या आठशेहून जास्त जाती आहेत. इतक्या जणी नांदतात कशा? प्रत्येकीची जागा, वेळ आणि खाणं वेगळं असतं म्हणून. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीसारख्या डोंगरावर हा हिशेब पायरीपायरीने उलगडतो.

पायथ्याच्या पेढे-प्रसादाच्या दुकानांसारख्या जागा लांब स्पर्शिकांच्या, सैरावैरा धावणाऱ्या काळ्या मुंगीला मानवतात. माणसाच्या मालासोबत ती जगभर पसरली. राहायला तिला भिंतीतली भेगही पुरते. काळा मुंगळा बहुधा ऊन उतरल्यावर निघतो. गूळ तर त्याला हवाच, पण झाडावरच्या मावा किडीतून पाझरणारा गोड रसही तो पितो आणि त्या बदल्यात किडीची राखण करतो. मोकळ्या गवताळ उतारावर बी वेचणाऱ्यांचं राज्य. सह्याद्रीतल्या झाडांवर क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या चघळलेल्या काष्ठतंतूंचं घर बांधतात आणि डिवचलं की पोट डोक्यावर उगारतात. साइक्सने त्यांचीही नोंद केली. तांबूस सुतार पक्षी तर याच मुंग्या खातो आणि त्यांच्याच घरात भोक पाडून आपली पिल्लं वाढवतो!

उतारावर फरशी घातली, झाडं तोडली, तरी मुंग्या दिसतच राहतात. फक्त त्या दुकानाजवळच्याच असतात. बी वाळवणाऱ्या आणि झाडावर घर बांधणाऱ्या आधी निघून जातात. म्हणून मुंग्या किती आहेत यापेक्षा कोणकोणत्या आहेत, हे पाहावं. डोंगर किती शाबूत आहे ते त्यावरूनच कळतं.